डोक्यातलं पाणी आणि माझे पाय

आधी शेवट सांगून टाकते, कारण माझ्याच्यानं दम धरवत नाही. मी चालते! आज सकाळी धरमपेठेतल्या आमच्या घरून एकटी भाजीबाजारात गेले, अंबाडीची जुडी घेतली, भाजीवालीच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली आणि परत आले. हातात काठी नाही, दंडाला धरायला कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? सत्तरीच्या कितीतरी बायका रोज भाजी आणतात. पण दोन वर्षांपूर्वी मला पलंगापासून बाथरूमपर्यंत न्यायला माणूस लागायचा, आणि पोहोचायच्या आधीच बहुतेक वेळा व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. हे म्हातारपण आहे, आता असंच उतरत जाणार, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीसुद्धा.

ते म्हातारपण नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या घरी कुणी असं पाय घासत चालत असेल, तर वाचा.

पाय चिकटले

मी मालती. मुलींच्या शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही माझी चाल अशी होती की सोबतच्या बायका म्हणायच्या, "मॅडम, जरा थांबा नं, आम्हाले दम लागून राहिला." अशा बाईचे पाय एक दिवस उंबरठ्यावर थांबले. दुखत नव्हते, सुजले नव्हते. फक्त उचलेनात. फरशीला कुणी गोंद लावल्यासारखे. मनात म्हणत होते, चल, उचल, आणि पाय ऐकतच नव्हते.

मग ते रोजचं झालं. चपलेचा खरर खरर आवाज यायचा. वळायचं म्हटलं की जागच्या जागी पावलं टाकत टाकत, घड्याळाच्या काट्यासारखं वळायचं. गुडघे तपासून झाले. वजन कमी करा, वय झालं, असं सांगून झालं.

त्यानंतर विसरणं सुरू झालं. एका रविवारी गोळाभात करायला घेतला. डाळ वाटली, गोळे वळले, आणि पुढे काय करायचं तेच आठवेना. जन्मभर केलेला पदार्थ! गोळ्यांच्या ताटाकडे बघत उभी राहिले. हे स्वयंपाकघरात आले. हे म्हणजे माझे यजमान, वसंतराव. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, गॅस बंद केला आणि म्हणाले, "चाल, आज बाहेरून मागवू." एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी मला एकटीला घरात सोडलं नाही.

तिसरी गोष्ट सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लघवी थांबेना. कळायचं आणि लगेच व्हायचं, मधे वेळच उरायचा नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना माहीत होतं, कारण चादरी तेच धुवायचे.

कुहीचं लग्न

माझी धाकटी जाऊ कमल कुहीजवळच्या गावात राहते. दीर आणि ती धानाची शेती करतात. खरं सांगते, आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. ती मोठ्यानं बोलायची, मी तिला शहरातली तोऱ्याची बाई वाटायचे. तिच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून गेलो.

मांडवात खुर्चीवर बसले होते. मुलाकडच्या बायका भेटायला येताना दिसल्या, म्हणून उठले, आणि उठताच कळलं. फिक्या रंगाची रेशमी साडी. सगळं दिसणार होतं. पळून जावं म्हटलं तर पाय जागचे हलेनात. तशीच उभी राहिले, हाताची बोटं पदरात गुंडाळून.

कमल पंगतीसाठी पाण्याची बादली घेऊन चालली होती. तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि अख्खी बादली माझ्या कमरेपासून खाली ओतली!

"अवं माय वं! हातच सुटला माझा! जाऊबाई, पुऱ्या भिजल्या नं तुम्ही! चला, चला, आतमध्ये साडी बदला."

मांडव हसला. कुणीतरी वयस्कर बाई तिला बोललीसुद्धा, "लग्नघरात असं धसमुसळं काहून करतं वं?" स्वतःच्या मुलीच्या लग्नात तिनं ते बोलणं ऐकून घेतलं आणि मला धरून आत नेलं.

आत तिनं माझी साडी बदलली. निऱ्या खोचता खोचता हळूच विचारलं, "कधीपासून होऊन राहिलं हे?"

मी सांगितलं.

"भाऊजींले माहीत हाय?"

"हो."

"मंग दोघंच काहून सहन करून राहिले? आम्ही काय परके हावो का?"

मी रडले. तीही रडली, आणि मग डोळे पुसून बाहेर वाढायला गेली. पुढे जमेल तशी ती आमच्याकडे येऊन राहू लागली. यायची ती सोबत घरच्या तांदळाची पिशवी घेऊन, आणि आली की आधी मला न्हाऊ घालायची.

घरात जे झालं

एका डॉक्टरांनी स्मरणशक्ती जाण्याच्या आजाराची सुरुवात म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. आमचा मुलगा प्रशांत बंगळुरूला असतो. त्याचे रोज फोन यायचे. हे गॅलरीत जाऊन बोलायचे, पण आवाज आत यायचा. "हळूहळू ओळखेनाशी होईल म्हणतेत." मी पलंगावर बसून ऐकायचे. माझी अजून सगळ्यांशी ओळख होती! पण बोलायला शब्द गोळा करेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असायचा. सगळ्यात वाईट तेच होतं. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचे, माझ्याशी नाही.

ह्यांचे हाल मी बघत होते. सत्तर ओलांडलेल्या माणसानं बायकोला साडी नेसवायला शिकावं! निऱ्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटी आम्ही दोघं हसलो आणि गाऊन आणला. पण रोज हसू यायचं नाही. एकदा बाथरूमच्या दारात माझे पाय अडकले आणि हे ओरडले, "अवं, उचल ना पाय! एवढंसं तं करत जा!" मग मला आणून बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला, बराच वेळ. नळाच्या आवाजातही मला कळत होतं. मी त्यांच्यावर रागावले नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना हे नळ सोडणं माहीत असेल.

"आजी, जरा चालून दाखवा"

ह्यांना मधूनच चक्कर यायला लागली. कमल हटून बसली, "भाऊजी, तुम्ही पडले तं दोघायले कोण पाहीन?" म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे ह्यांचा नंबर लावला. मला घरी एकटीला ठेवता येत नव्हतं, म्हणून मीही गेले. कमल बाहेर बसली, आम्ही दोघं आत शिरलो.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींसारख्या. मी दारापासून खुर्चीपर्यंत येईतो त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजोबांचं बघूच आपण. पण आजी, तुम्ही परत एकदा दारापर्यंत जाऊन या बरं."

"पेशंट हे आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. तरी चालून दाखवा."

गेले. आले. खरर, खरर. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं, पायांकडे होतं. मग त्यांनी विचारलं, आणि ह्यांना नाही, मला विचारलं, "लघवी थोपवता येत नाही ना?"

मी मान हलवली.

"विसरायला होतं?"

"हो."

"यातलं आधी काय सुरू झालं? घाई नको, आठवून सांगा."

त्या थांबल्या. खरंच थांबल्या! मी शब्द शोधला आणि म्हटलं, "पाय. पायच आधी."

बाई खुर्चीत ताठ बसल्या. ह्यांची चक्कर रक्तदाबाच्या गोळीमुळे निघाली, ते तिथेच मिटलं. मला मात्र डोक्याचे फोटो काढायला पाठवलं.

फोटो बघून त्या म्हणाल्या, "डोक्यात पाणी सगळ्यांच्याच असतं. ते बनतं आणि निचरतं. तुमचं नीट निचरत नाहीये, साठतंय. पाय, लघवी, विसरणं, तिन्ही त्यामुळे असू शकतं."

हे म्हणाले, "म्हणजे नाली जाम झाली म्हणा नं!"

बाई हसल्या. "साधारण तसंच. पण आजोबा, आत्ताच खात्री देत नाही. आधी पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढून बघू. चालण्यात फरक पडला, तर पुढचं बोलू."

बाहेर आल्यावर ह्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे सांगितले. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तिखट हाय तर्री," म्हणाले. अहो, त्यांनी तर्री अजून घातलीच नव्हती!

तो कॉरिडॉर

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहिते आहे तो दिवस.

सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, सिस्टरच्या टेबलापासून खिडकीपर्यंत. फोनवर त्याचं चित्रण केलं. जाता जाता मी दोनदा अडकले, वळताना तर भिंत धरावी लागली. मग कुशीवर झोपवून पाठीतून पाणी काढलं. सुई टोचताना दुखलं, खोटं कशाला सांगू. पण दाताच्या डॉक्टरकडे यापेक्षा जास्त दुखलं होतं. नंतर पडून राहायला सांगितलं. छताचा पंखा बघत पडले होते. काही वाटत नव्हतं. मनाला सांगत होते, मालती, आशा धरू नकोस.

दुपारी ते डॉक्टर परत आले. "चला काकू."

उठले. एका बाजूला कमल, मागे हे. नेहमीसारखं सगळं बळ गोळा केलं आणि उजवा पाय ओढायला गेले. ओढावा लागलाच नाही! पाय उचलला गेला. इतका सहज, की मीच दचकले. मग डावा. मग उजवा. खरर आवाज नव्हता. चपला फट फट वाजत होत्या!

"अवं बाई!" कमल ओरडली. "पाय उचलून राहिल्या! भाऊजी, पाहा नं, पाय उचलून राहिल्या जाऊबाई!"

सिस्टर धावत आली. "ओ मावशी, दवाखाना आहे हा!"

"तुम्हीबी पाहा नं सिस्टर! पाहा तं खरं!"

मी खिडकीपर्यंत पोहोचले. बाहेर पार्किंगमध्ये कडुनिंबाखाली कुणीतरी डबा सोडून जेवत होतं. मी वळले, एका दमात, दार फिरावं तशी. आणि वळल्यावर जे दिसलं ते मला जन्मभर पुरेल. इतका वेळ हे माझ्यामागे दोन्ही हात पसरून चालत होते, पडले तर झेलायला. आता ते हात तसेच पसरलेले राहिले होते आणि माणूस रडत होता. सिस्टरसुद्धा डोळे टिपत होती. मी त्या पसरलेल्या हातांत चालत गेले, भर कॉरिडॉरमध्ये, लोकांसमोर! आमच्या पिढीत असं कुणी करत नाही.

परत पाणी भरलं

हेही सांगायला हवं. तो फरक टिकत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि अनुभवणं वेगळं. थोडेच दिवस गेले, आणि एका सकाळी उंबरठ्यावर पाय पुन्हा थबकले. पाणी परत साठलं होतं. आता ते जास्त जड गेलं, कारण पाय माझेच आहेत, मेलेले नाहीत, हे कळलं होतं.

उपाय होता ऑपरेशन. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी, जादा पाणी तिकडे वाहून जायला. प्रशांत लगेच बंगळुरूहून आला. बैठकीत सगळे बसले.

"आई, डोक्याला भोक पाडणार आहेत. या वयात! काही झालं तर? आत्ता निदान तू आहेस."

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना," असं तो ह्यांना म्हणाला.

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मले काय विचारून राहिला? डोकं तिचं, पाय तिचे. तिले विचार."

सगळे माझ्याकडे वळले. शब्द लवकर येईनात. पण त्या दिवशी कुणी मधे बोललं नाही. शेवटी मी म्हटलं, "तू म्हणतोस, मी आहे. कुठे आहे रे? पलंगावर आहे. त्या दिवशी खिडकीपाशी होते ना, तिथे मला परत जायचंय."

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे नेऊन प्रशांतनं सगळं विचारून घेतलं. जंतू होऊ शकतात, रक्तस्राव होऊ शकतो, नळी तुंबू शकते. बाईंनी काही लपवलं नाही. बाहेर आल्यावर त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "भीती मला वाटत होती गं, तुला नाही." मी म्हटलं, "मलाही वाटते आहे. चल तरी."

केस, खाट आणि आपा

केस काढले तेव्हा मात्र मी कोसळले. आरसा नको म्हटलं. कमल शेजारी बसून म्हणाली, "केसायचं काय घेऊन बसल्या? धुऱ्यावरचं गवत हाय ते. कापलं का दुप्पट येते."

ऑपरेशनच्या वेळी हे बाहेर उपाशी बसून होते, असं नंतर कळलं. शुद्धीवर आल्यावर नवल वाटलं ते हे, की डोक्यापेक्षा पोटाचे टाके जास्त दुखत होते. कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगून ठेवते.

आणि मग, काहीच नाही! मी वाट बघत होते की कॉरिडॉरसारखं होईल, उठेन आणि चालेन. उठले, तर पाय तसेच. डोकं जड. रोज सकाळी चहा, बिस्किट, तपासणी, आणि रोज तेच. मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. शेजारच्या खाटेवर कामठीच्या एक आपा होत्या, त्यांच्या घरी यंत्रमाग आहेत. स्वतःचं डोकं बांधलेलं, पण माझ्यावर बारीक लक्ष. मी बाथरूमला जाऊन आले की त्या निकाल द्यायच्या, "दीदी, कल पलंग पकडे थे, आज नहीं पकडे." मला जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं.

मग डॉक्टरीण बाईंनी डोक्यावर बाहेरूनच एक यंत्र धरून नळीचं पाणी थोडं जास्त सोडलं. कापणं नाही, टोचणं नाही, नळाची तोटी फिरवावी तसं. आणि चाल सुधारू लागली! त्या दुपारसारखी एकदम नव्हे. हळूहळू, रोज थोडी. घरी आल्यावर एका सकाळी मला कळलं, मी उठून बाथरूमला गेले, दार लावलं, सगळं जागच्या जागी झालं, आणि मी हात धुवून परत आले. एकटी! मी पलंगावर बसून ह्यांना हाक मारली. ते घाबरून धावत आले. मी म्हटलं, "काही झालं नाही. तेच सांगायला बोलावलं."

आलं ते आणि न आलं ते

सगळं परत आलं नाही. नावं निसटतात. आजारपणातले कित्येक महिने मला धड आठवत नाहीत, घरच्यांनी सांगितले तसे लिहिले आहेत. लांबच्या प्रवासाला निघताना अजून काळजी म्हणून तयारीनं जाते. नळी तुंबली तर परत जावं लागेल, हेही माहीत आहे.

आणि चालणं बिघडलेल्या, विसरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हाच आजार असतो, असं मुळीच नाही. बाईंनी मला ते बजावून सांगितलं आहे. कुणाला उगाच आशा लावायची नाही. पण "वय झालं" हे ऐकून घरी परतायच्या आधी एकदा विचारा, "वयाशिवाय आणखी काय असू शकतं?" आणि लघवीचं लपवू नका. मी ते आधीच सांगितलं असतं, तर कदाचित आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आणि घरच्यांनो, तुमचं माणूस शब्द शोधत असेल तर जरा थांबा.

आता शेवटचं. मी हिंडूफिरू लागल्यावर एक दिवस हे सहज बोलल्यासारखे म्हणाले, "डोळ्यायचं ऑपरेशन करून घ्या लागते वाटते." मोतीबिंदू! केव्हाचा पिकला होता. माझ्या आजारपणात त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. अर्धवट दिसत असताना त्यांनी मला न्हाऊ घातलं, साडी नेसवली, औषधं दिली. मी बोलले त्यांना, खूप बोलले. मग तारीख घेतली.

त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. फाइल माझ्या हातात, डबा माझ्या हातात. ऑपरेशन झाल्यावर ते बाहेर आले, डोळ्यावर हिरवी पट्टी, हात माझ्या खांद्यावर. आम्ही रिक्षाकडे निघालो. मी आपली जुन्या सवयीनं झपाझप निघाले होते. मागून आवाज आला,

"अवं, मले दिसत नाही, जरा हळू चाल."

मी चाल कमी केली. माझ्या मर्जीनं.